ताटाळ्यातल्या रेकॉर्डी

शनिवारचा बाजार करून घरी आले, शेवग्याच्या शेंगा ओट्यावर टाकल्या आणि फोन वाजला. भाची मँचेस्टरला असते. व्हिडिओत तिच्यामागे ही लांबलचक रांग. आपल्याकडे दुपारचे बारा, म्हणजे तिकडे सकाळचे साडेसात. सगळे कानटोप्या घालून उभे.

"मावशी, साडेचारपासून उभी आहे!"

मला वाटलं, व्हिसाचं काहीतरी असेल. तर म्हणे रेकॉर्डीसाठी.

एप्रिलातला एक शनिवार त्यांच्याकडे रेकॉर्ड स्टोअर डे असतो. 2008 साली अमेरिकेत सुरू झाला, छोटी स्वतंत्र दुकानं तगावीत म्हणून. त्या दिवसासाठी खास रेकॉर्डी निघतात, त्याही मोजक्या. आधी सांगून ठेवणं नाही, ओळखीनं बाजूला काढणं नाही. यादी मात्र आधीच जाहीर होते. बाईसाहेबांनी ती तीन रंगांनी रंगवली होती. "पहिल्या दहा मिनिटांत खेळ खलास. आधी यादीतल्या उचलायच्या, गर्दी ओसरली की मग जुन्यांच्या खोक्यात शिरायचं."

मी बाजारात बरोब्बर उलटं करते. पहिली चक्कर नुसती भाव विचारत. त्यात एखादी चांगली जुडी जाते हातची, जाऊ दे. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "मावशी, तू माझ्या पुढे रांगेत नाहीस तेच बरंय."

पुढे असते तर अण्णांसारखी वागले असते, आणि मागच्यांनी मारलं असतं.

अण्णा म्हणजे माझे वडील, सांगलीत हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. दिवाळीचा बोनस झाला की वर्षाची एक रेकॉर्ड. एक म्हणजे एक. चार वाजता आम्ही दुकानात शिरायचो ते दिवेलागणीला बाहेर. मला स्टुलावर बसवून लिमलेटची गोळी मिळे आणि मग कार्यक्रम सुरू. अण्णा रेकॉर्ड काढत; कड अंगठ्याच्या मुळाशी, बोटांची टोकं मधल्या लेबलाला, काळ्या भागाला स्पर्श नाही. ट्यूबलाइटखाली तिरपी धरून एक डोळा मिटून बघत. मग उलटी. मग लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेले बारीक आकडे वाचत. काय कळायचं त्यांना त्यातलं, कोण जाणे. दुकानदार कौतुकानं पहिलं गाणं लावायला जाई, की अण्णा म्हणत, "दुसऱ्या बाजूचं शेवटचं लावा."

त्याला कारण होतं. तबकडी मिनिटाला सव्वातेहतीस फेरेच फिरते, थोडं जास्तच, पण बाहेरचा फेरा मोठा आणि आतला छोटा. तेवढ्याच वेळात पिन कमी अंतर चालते, म्हणजे आतल्या फेऱ्यांत सूर दाटीवाटीनं बसलेले. आवाज बिघडायचा तर तिथे आधी. हे मला पुढे कॉलेजात कळलं. तेव्हा वाटायचं, अण्णांना शेवट आधी ऐकायची खोड आहे. दुकानदार तर एकदा म्हणालाच, "दिवाणजी, रेकॉर्ड घेताय का स्थळ बघताय?"

घरी एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्डप्लेअर. पिन उडायला लागली की तिच्या दांडीवर चार आण्याचं नाणं. आणि काळ्या भागाला न लागलेला तो अंगठा आतल्या पांढऱ्या पाकिटावर मात्र हटकून उमटायचा, पिवळाजर्द. पेढीवरून आल्यावर साबणानं कितीही चोळला तरी. आई म्हणायची, "बोलवा तिलाही हळदीकुंकवाला."

लाखेच्याही दोन होत्या, आजोबांच्या वेळच्या. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या. मिरजेचे, म्हणजे घरचेच. त्यातली एक 1978 साली मी फोडली. तो विषय आज नको.

2005 च्या पुरात हरिपुरात हळदीच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, पाणी शिरलं तेव्हा अण्णा रिटायर झालेले. दोन दिवस जेवले नाहीत. घरातल्या रेकॉर्डी तेव्हा वाचल्या. 2019 ला अण्णा नव्हते, आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं आणि गावभागातल्या आमच्या घरात कपाटाचे खालचे दोन कप्पे बुडाले. आम्ही विश्रामबागला बहिणीकडे. परत आलो तर कव्हरांचा लगदा. आतल्या पाकिटांचा तर त्याहून मऊ, बोटात धरला की सुटायचा. लेबलं धुऊन गेलेली. तबकड्यांना मात्र काही म्हणजे काही झालं नव्हतं. पाण्यात साबणाचा थेंब टाकून गाळ काढला. उन्हात ठेवल्या तर पापड होतो, म्हणून सावलीत उभ्या करायच्या होत्या. उभ्या कशात करणार? ताटाळं होतं. अकरा रेकॉर्डी, मधे मधे ताटं.

त्या अजून तिथेच आहेत. ताटं दुसरीकडे गेली.

नावं नाहीत, त्यामुळे कुठली कुठली ते लावल्याशिवाय कळत नाही. आकड्यांवरून शोधता येईल, मार्करनं लिहिताही येईल. नवरा दर रविवारी सुचवतो. मी नाही म्हणते. संध्याकाळी हाताला येईल ती काढायची, पिन टेकवायची, सुरुवातीची खरखर सुरू झाली की तेवढ्यात ओळखायचं. दहातल्या सातदा चुकते. आमच्याकडे रोजच रेकॉर्ड डे, आणि रांगेत मी एकटी.

रात्री भाचीचा पुन्हा फोन. यादीतल्या पाचांपैकी दोन मिळाल्या, तिसरीच्या वेळी पुढच्या माणसानं शेवटची उचलली. त्याचं वर्णन तिनं ज्या शब्दांत केलं ते मँचेस्टरला कळणार नाही हे बरं. "तुला काय पाठवू, मावशी?"

"कव्हरं."

"नुसती? आत रेकॉर्ड नको?"

"नको. बारा इंची पाहिजेत. आतली पांढरी पाकिटंही."

तीन आठवड्यांनी पार्सल आलं. काल दुपारी बसून एकेक रेकॉर्ड आत सरकवली. पाकिटं अगदी पांढरी आहेत. सरकवून झाल्यावर मी माझा अंगठा बघितला. स्वच्छ होता. हळद आम्ही हल्ली चमच्यानं घालतो.