कुंभार्लीतून मालवण, देवगडवरून वाशी: सहाचाकीच्या टायरांची काळजी

कराडला साखरेची पोती भरली, कुंभार्ली घाटाने खाली उतरलो, चिपळूणला इम्तियाजभाईंची रिकामी दहाचाकी सोबत आली. राजापूरपर्यंत दोघे मागेपुढे, तिथून ते चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, खाणीकडे वळले आणि मी मालवणला. परतीला देवगडच्या आंब्याच्या पेट्या घेऊन वाशी मार्केट. एप्रिलमध्ये ह्या वाटेला नव्याने गाडी लावणारे मालक पहिला प्रश्न विचारतात तो टायर कुठल्या कंपनीचा घालू, हा. माझं ठाम मत आहे की कोकणात टायर कंपनीमुळे कमी जातो. तो जास्त जातो ब्रेकमुळे आणि मागच्या जोडीतल्या आतल्या टायरात हवा कमी असल्यामुळे. म्हणून ह्या दोन गोष्टींवरच जास्त लिहितो.

गाडी माझी ८.२५-१६ मापाच्या टायरांची, सहाही टायर रेडियल, म्हणजे आत पोलादी तार असलेले. एका एक्सलवर रेडियल आणि नायलॉन मिसळू नका, एवढं पाळलं तरी निम्मी कटकट कमी होते.

कुंभार्लीच्या घाटमाथ्यावर गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं थांबायचं. एअर ब्रेकच्या हवेचा काटा पूर्ण भरू द्यायचा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग धरणारा) चालतो का बघायचं आणि मग गिअर ठरवायचा. भरलेली गाडी हाच घाट ज्या गिअरमध्ये चढेल त्याच गिअरमध्ये उतरवायची. पाय सतत पेडलवर ठेवून उतरणाऱ्याचे ड्रम तापतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ती उष्णता ड्रमपाशी थांबत नाही. ड्रममधून रिममध्ये, रिममधून टायरच्या कडेला, ट्यूबला आणि तिच्याखालच्या रबरी पट्टीला, म्हणजे फ्लॅपला, जाते. मागच्या जोडीतला आतला टायर तर ड्रमला लागूनच बसलेला. घाटात काहीच होत नाही, टायर फुटतो पुढे कुठेतरी सपाट रस्त्यावर, आणि मालक शिव्या देतो टायर कंपनीला.

पोफळीच्या खाली रस्ता सपाट झाला की थांबून एक काम करा. प्रत्येक चाकाच्या रिमजवळ पंजाची मागची बाजू न्या, हात टेकवू नका, नुसती धग बघा. चारही बाजूंना साधारण सारखी धग लागली पाहिजे. एक चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून राहतोय किंवा हबचं बेअरिंग घट्ट आहे. एखादं चाक थंडच लागलं तर ते जास्त वाईट, कारण त्या चाकाचा ब्रेक काम करत नाही आणि त्याचा बोजा बाकीचे उचलतायत. ह्या वेळी माझ्या डाव्या मागच्या चाकाची धग वेगळी लागली. चिपळूणला मिस्त्रीने चाक उतरवलं तेव्हा ब्रेकचा कॅमशाफ्ट (शू ड्रमवर दाबणारा दांडा) गंजून जड झालेला निघाला. बुश साफ करून, ग्रीस मारून, ब्रेकची ढील बेतणारा स्लॅक अ‍ॅडजस्टर नीट लावून दिला. तापलेल्या ड्रमवर पाणी मात्र कधीही मारू नका, तडा जातो. अर्धा तास चहात घालवा.

चाक उतरवून परत चढवलं की पहिल्या शंभरेक किलोमीटरवर नट पुन्हा आवळायचे, समोरासमोरचे, एकाआड एक. मी संगमेश्वरच्या पुढे थांबून आवळले, दोन नटांनी थोडी ओढ घेतली. नटाच्या बुडाशी तांबड्या गंजाचा ओघळ दिसला तर तो नट सैल आहे असंच समजा.

मुंबई-गोवा महामार्गाच्या चिपळूण ते हातखंबा पट्ट्यात चौपदरी काँक्रीट आणि मधेमधे तात्पुरते वळणरस्ते, म्हणजे डायव्हर्जन, असं चाललंय. इथे टायर कापतो तो काँक्रीटच्या उघड्या कडेवर. डायव्हर्जनवरून परत काँक्रीटवर चढताना कडा तिरकी घासत चढवलीत तर साइडवॉलला (टायरच्या बाजूच्या भिंतीला) चीर पडते, आणि साइडवॉलच्या चिरेला पॅच टिकत नाही. वेग अगदी कमी करून चाक सरळ समोरून चढवा. कामाच्या जागी सळीचे तुकडे पडलेले असतात, त्यामुळे कडेच्या मुरुमावर गाडी उतरवू नका. हातखंब्याच्या उताराला न्यूट्रल मारून डिझेल वाचवायचा मोह कुणालाही पडू नये. तिथे आणि निवळीच्या बाजूला अवजड गाड्यांचे अपघात होत आलेत.

राजापूरच्या अलीकडे जेवायला थांबलो तेव्हा कुडाळचे तात्या आपली टाटा ४०७ घेऊन वर येत होते, तेही थांबले. मग जे होतं तेच झालं. जेवण बाजूला आणि तिघेही गाड्यांखाली. इम्तियाजभाईंचा क्लीनर टॉमीने (लोखंडी पहारीने) टायर ठोकून आवाज ऐकत होता. तात्या म्हणाले, "अरे आवाजान काय कळता? मीटर लाव." आणि ते खरंच आहे. ठोकून कळतो तो पार बसलेला टायर. वीस पौंड कमी असलेला टायर ठोकला तरी चांगलाच वाजतो. मीटर लावला तर दहाचाकीच्या उजव्या बाजूचा आतला टायर बाहेरच्यापेक्षा बराच कमी निघाला. वॉल्व्हची पिन हळू गळत होती, थुंकी लावली तर बारीक बुडबुडा येत होता. पिन बदलली, धातूची टोपी लावली. आतल्या टायराला एक्स्टेन्शन वॉल्व्ह (बाहेरपर्यंत येणारी लांब नळी) लावून घ्या, म्हणजे हवा बघायचा कंटाळा येत नाही.

जोडीतला एक टायर कमी हवेचा राहिला की दुसरा दोघांचा भार उचलतो. कमी हवेचा टायर चालताना जास्त दबतो, सतत वाकून तापतो, आणि शेवटी दोन्ही जातात. म्हणून जोड लावताना दोन्ही टायरांची उंची सारखी हवी. ८.२५ च्या टायरांत व्यासाचा फरक सहा मिलीमीटरच्या आत ठेवा. नवा टायर आणि अर्धा घासलेला टायर एका जोडीत बसवणं म्हणजे दोन्हींचे पैसे घालवणं. दोन्ही टायरांवर आडवी सुतळी ताणून धरली की फरक डोळ्याला दिसतो.

हवा भरण्याबद्दल तात्यांचं एक वाक्य जसंच्या तसं देतो: "गरम टायराची हवा कधी काढूची नाय. थंड झाल्यार टायर खाली बसतलो." सकाळी थंड असताना १०० पौंड असलेली हवा दुपारच्या उन्हात भरधाव चालून ११० च्या वर जाते, हे अपेक्षितच आहे. ती काढून १०० वर आणली तर रात्री ती ९० वर येईल. हवा बघायची ती पहाटे, गाडी हलवायच्या आधी. किती भरायची ते गाडीच्या प्लेटवर आणि टायर कंपनीच्या तक्त्यात लोडप्रमाणे दिलेलं असतं.

इम्तियाजभाई चिरा ओढतात, त्यांचा त्रास वेगळा. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि उघड्या हवेत कडक होतो. त्यामुळे जुन्या खाणीच्या तळाला पडलेल्या कपच्या टायराला धारदार लागतात, आणि त्या जोडीच्या मधल्या फटीत अडकतात. खाणीतून बाहेर पडल्यावर डांबरी लागायच्या आधी उतरून दोन टायरांमधला दगड काढलाच पाहिजे. तो दोन्ही टायर कापतो आणि सुटला तर मागच्याच्या काचेवर जातो. लाल धूळ एअर फिल्टर लवकर भरते, तेव्हा ते किलोमीटर न मोजता दर आठवड्याला फिल्टर उघडून बघतात.

मालवणला साखर उतरवली. समुद्राच्या बाजूला गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी एअर टँकचं पाणी काढाच. दमट हवेत कॉम्प्रेसर टँकमध्ये पाणी साठवतो, आणि तेच पाणी पुढे वॉल्व्हमध्ये जाऊन गंज धरतं. टँकखालचा वॉल्व्ह ओढला तर आधी फुस्स करून पाणी, मग कोरडी हवा आली पाहिजे. पाण्यात दुधट तेलकट काही दिसलं तर कॉम्प्रेसर तेल टाकतोय, तो दाखवून घ्या. जेट्टीवर मासळी भरणाऱ्यांनी आणि दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगडच्या फेरीतून गाडी नेणाऱ्यांनी खालचा भाग गोड्या पाण्याने धुवावा. धुऊन झालं की किंगपिन (पुढची चाकं वळतात ती खुंटी), शॅकल (पाट्यांची कडी) आणि प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटच्या क्रॉसला ग्रीस, नवं ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत. स्टेपनीची साखळी खाऱ्या हवेत गंजून धरते आणि पंक्चर झाल्यावर ती सुटतच नाही. महिन्यातून एकदा स्टेपनी खाली घ्या, हवा बघा, साखळीला ऑइल द्या. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसते म्हणून जुनाट स्टेपनीवर भरवसा ठेवू नका, रबर म्हातारं होतं.

देवगडहून नांदगाव तिठ्याला महामार्ग गाठला. आंब्याचं वजन साखरेएवढं नसतं, पण वाशीचा बाजार पहाटे गाठायचा असतो, म्हणून पोरं रात्रभर वेगात हाणतात. वेगानेही टायर तापतो. निघतानाच दोन तास हातात ठेवा. परशुराम आणि भोस्ते घाट अजूनही लक्ष देऊन चालवायचे, कशेडीला बोगद्यातून जा. माणगाव-इंदापूरला गर्दीत अडकायची तयारी ठेवा.

पुढे गोवा-मंगळूरला जाणाऱ्यांनी कोलाडहून कोकण रेल्वेची रो-रो जरूर विचारात घ्यावी. १९९९ पासून भरलेले ट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणीवर चढवून नेतात. डिझेल, टायर, ब्रेक लायनर आणि ड्रायव्हरची झोप, सगळंच वाचतं. उंचीची मर्यादा असते, तेव्हा माल भरायच्या आधी चौकशी करा.

जूनच्या आधी लायनर आणि नक्षी बघून घ्या. खाचेतली टीडब्ल्यूआयची (झीज दाखवणारी) उंचवटी नक्षीच्या बरोबरीला आली असेल तर तो टायर पावसात घालू नका. गाडी पुराच्या पाण्यातून गेली तर हब उघडून ग्रीस बदला, इम्तियाजभाईंनी २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर सगळे हब तसेच करून घेतले. आणि गणपतीत महामार्गावर अवजड वाहनांना बंदीचे आदेश निघतात. तारखा आणि सवलतीतला माल दरवर्षी आदेशात बघून मगच भाडं घ्या.