पिचरचा खांदा

न्यू जर्सीत फिजिओथेरपी करताना दिवसाला चार-पाच खांदे तरी हाताखालून जातात. पण त्या मंगळवारी आलेला चौदा वर्षांचा मुलगा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. घर मराठी, सोबत आई. कुठे दुखतंय हे मी विचारायच्या आधीच तो म्हणाला, "मावशी, मी पिचर आहे." म्हणजे बेसबॉलमध्ये फलंदाजाला चेंडू फेकणारा.

उताणा झोपवून, कोपर काटकोनात धरून कोनमापक लावला. हात मागे डाव्यापेक्षा बराच जास्त वळत होता, आत मात्र 20 अंश कमी. फेकून फेकून पिचरचा खांदा असाच घडतो, त्याचं मला नवल नव्हतं. दंडाच्या वरच्या टोकाशी बोट टेकवलं आणि त्याने श्वास रोखून धरला. या वयात तिथे हाड अजून वाढत असतं. एक्स-रेमध्ये वाढीची ती फट रुंदावलेली दिसत होती.

शाळेचा संघ वेगळा, शनिवार-रविवारचा क्लब वेगळा. त्याच्या वयाला दिवसाला जास्तीत जास्त 95 चेंडू, हा नियम दोन्ही प्रशिक्षकांनी आपापल्यापुरता पाळला होता. बेरीज कुणीच केली नव्हती. मला राग आला तो याचा.

डॉक्टरांनी तीन महिने फेकणं बंद केलं होतं. "मग मला टीममध्ये ठेवतील कशाला?" तो छताकडे बघत म्हणाला. आई गप्पच.

तेव्हा मी त्याला जॉन माँटगोमेरी वॉर्डबद्दल सांगितलं. इथे आल्यावर बेसबॉल समजून घ्यायला जुन्या खेळाडूंविषयी वाचत गेले, त्यात हा भेटला. 1878 मध्ये, अठराव्या वर्षी, तो प्रॉव्हिडन्स संघाचा पिचर झाला. पुढच्या वर्षी 47 सामने जिंकले आणि 587 इनिंग्ज, म्हणजे तीन-तीन फलंदाज बाद करायचे डाव, टाकल्या. आजचा पिचर वर्षाला दोनशेही क्वचितच टाकतो. तेव्हा चेंडू खालून फेकायचे आणि फलंदाजापर्यंतचं अंतर 45 फूटच होतं, हे खरं; तरी तो आकडा वाचला की माझाच खांदा भरून येतो. 17 जून 1880 ला त्याने बफेलोच्या एकाही फलंदाजाला पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावरही, पोहोचू दिलं नाही.

1884 मध्ये, न्यूयॉर्ककडून खेळताना, बेसवर धावत असताना त्याच्या उजव्या हाताला दुखापत झाली. बरं होईपर्यंत थांबायची तयारी नव्हती, म्हणून तो डाव्या हाताने फेकायला शिकला आणि उरलेला मोसम सेंटर फील्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात मधोमध, क्षेत्ररक्षण करत खेळला.

"डाव्या हाताने?" मुलगा उठूनच बसला.

मी टेबलापासून तीन पावलांवर उभी राहिले. "उभा राहा आणि फेक. हळूच, खालून."

त्याने डावा पायच पुढे टाकला, रोजच्या सवयीने. कंबर अडली, चेंडू माझ्या गुडघ्यापर्यंतही न येता जमिनीवर घरंगळला. मग मी त्याला दाखवलं: हात बदलला की पाय बदलतो, कंबरेचं वळण बदलतं, चेंडू सोडायची वेळ बदलते. रोज शरीराच्या हालचाली मोजणाऱ्या मला वॉर्डचं हेच सगळ्यात थोर वाटतं. चोविसाव्या वर्षी, मोसम चालू असताना, त्याने अंगाची सगळी सवय उलटी फिरवली होती.

"मग तो परत पिचर झाला?"

खोटं सांगता आलं असतं. "नाही. पुढच्या वर्षी हात बरा झाला, तर तो शॉर्टस्टॉप झाला, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक. पिचर म्हणून 164 विजय आणि बॅटने दोन हजारांवर हिट, म्हणजे बेस गाठून देणारे फटके, दोन्ही त्याच्या नावावर आहेत. तुझं हाड मात्र भरून येईल. आपण आधी जवळून फेकायला लागू, मग लांबून. पिचिंग सगळ्यात शेवटी."

तो बराच वेळ बोलला नाही. मग चेंडू उचलून डाव्या हातात घेतला.

आई पुढच्या तारखा लिहून घेत होती. दाराच्या काचेतून मला तो कॉरिडॉरमध्ये दिसला. चेंडू खिशात ठेवलेला, नुसताच पाय टाकून बघत होता. डावा. थांबला. मग उजवा.