सूर्यास्तापूर्वीची मजुरी

काल संध्याकाळपासून मन अस्वस्थ आहे. कारण सांगू गेल्यास ऐकणाऱ्याला ते क्षुल्लक वाटेल, म्हणून येथे लिहून पाहते.

रोज तीन अध्याय आणि रविवारी पाच, असे धरून चालले म्हणजे पवित्र शास्त्राचे, म्हणजे बायबलचे, ११८९ अध्याय वर्षात पुरे होतात. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी उत्पत्ती हे पहिले पुस्तक उघडले की जानेवारी सरता सरता लेवीय हे तिसरे येते, आणि मंडळीतल्या पुष्कळांचे वाचन तेथेच अडखळते. काल माझ्या वाचनात लेवीयाचा एकोणिसावा अध्याय होता. अर्पणांचे आणि शुद्धाशुद्धतेचे नियम वाचत आलेल्या माणसापुढे येथे एकदम शेत उभे राहते. कापणी करताना शेताच्या कडेपर्यंत सगळे कापून घेऊ नये, सरवा वेचू नये, तो गरिबासाठी व परक्यासाठी राहू द्यावा; आणि थोडे पुढे, तेराव्या वचनात, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ सकाळपर्यंत ठेवू नये. सरव्याची गोष्ट आमच्या घराला नवी नाही. हरभरा निघाला की रानात पडलेले घाटे वेचायला बाया-मुले येतात आणि आबांनी कधी कोणाला बांधावरून परत पाठवले नाही. मजुरीचे वचन मात्र मला सोडीना.

गिरणाकाठच्या आमच्या शेतात सध्या हरभऱ्याचीच काढणी चालू आहे. इकडची रीत अशी की सालदाराचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरते आणि रोजाने येणाऱ्या बायांचा हिशेब बाजाराच्या दिवशी होतो. आबांच्या वेळीही हेच चालत आले. तरी काल दिवस मावळण्यापूर्वी मी प्रत्येकीचे पैसे मोजून पुढे केले. तेव्हा टोळीतली थोरली म्हणाली, "बाजारनाच दिन दे माय, घरमा पैसा टिकत नही." बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि पैसे माझ्याच हातात राहिले.

मला ते फार लागले. वाचलेल्यावर दोन शब्द बोलावेत असे घरात आता कोणी नाही. दादाचा फोन येतो तो माझ्या औषधांची चौकशी करण्यापुरता, आणि जाऊबाईंशी त्या प्रसंगानंतर जे झाले ते झाले. पहाटे एकटीने उठावे, एकटीने वाचावे, एकटीनेच प्रार्थना करावी, आणि ज्या दिवशी एखादे वचन खरोखर आचरणात उतरू पाहते त्याच दिवशी ते कोणालाच नको असावे! देवानेच माझे अर्पण परत केले की काय, असे मनात येऊन रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

आज पहाटे नेमलेले अध्याय उघडण्याऐवजी मी त्या मजुरीचाच माग काढत बसले. शास्त्रातल्याच अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात हीच आज्ञा पुन्हा आली आहे आणि तेथे तिचे कारणही दिले आहे: मजूर गरीब असतो आणि त्याचा जीव त्या मजुरीवर लागलेला असतो, म्हणून सूर्य मावळण्यापूर्वी ती द्यावी. मत्तयाच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायातल्या येशूच्या दाखल्यात, द्राक्षमळ्याचा धनी संध्याकाळ होताच कारभाऱ्याला मजुरी द्यायला सांगतो. उशिरा आलेल्यालाही दिवसभर राबलेल्याइतकाच एक दिनार मिळाला, यावर आपण उपदेश ऐकत आलो. परंतु तो धनी मोशेच्या नियमाला धरून संध्याकाळीच पैसे देतो, ही गोष्ट आज प्रथमच माझ्या मनात भरली. आणि याकोब तर आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात धनवानांना सांगतो की शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे. या सगळ्या ठिकाणी पैसा धन्याच्या मर्जीवर अडकलेला आहे. थोरलीने मात्र स्वतःच्या मर्जीने तो माझ्याकडे ठेवला. तिचा जीव त्यावर लागलेला आहे, म्हणूनच तो घरातल्या कोणाच्या हाती पडू नये असे तिला वाटते. तिच्यापुरते पाहता, तिची मजुरी बाजारापर्यंत विश्वासाने राखणे हेच मला त्या वचनाचे पालन वाटते, आणि हे उमगल्यावर रात्रीचे दुःख पुष्कळ ओसरले.

तरी एक गोष्ट अजून टोचते. थोरली बोलली तेव्हा सगळ्यात धाकटीचा हात पुढे आलेला होता. तिने तो पदराखाली घेतला आणि तिनेही मान डोलावली. सगळ्यांच्या वतीने एकीने बोलावे आणि मी ते सगळ्यांचे म्हणणे धरावे, एवढ्याने आज्ञा पाळली जाते का? तिच्या घरी दुखणे असेल, दुकानदाराची उधारी असेल. शास्त्रातले कारण तर तिच्या त्या हातातच दिसत होते.

थोरलीसमोर ती बोलणार नाही. म्हणून उद्या हरभऱ्याचे ढीग लावताना तिला शेताच्या दुसऱ्या टोकाला नेऊन आधी तिलाच विचारायचे, मग एकेकीला वेगवेगळे. ज्यांना बाजारी हवेत त्यांची वहीत नावे लिहून रक्कम बाजूला ठेवायची, आणि ज्यांना रोजच्या रोज हवेत त्यांच्यासाठी सकाळीच गावात जाऊन सुटे आणायचे.