काळ्या मातीतली पन्नास मिनिटं

सायकलची रेस म्हटली की लोकांना गुळगुळीत डांबरी रस्ता आठवतो. सायक्लोक्रॉस नावाच्या शर्यतीत मात्र बहुतेक मार्ग रस्ता सोडूनच आखतात. अडीच ते साडेतीन किलोमीटरची फेरी, त्यात चिखल, वाळू, चढ आणि मधेच आडव्या फळ्या, जास्तीत जास्त ४० सेंटिमीटर उंच. तिथं चालत्या सायकलवरून उतरायचं, ती उचलून पळायचं आणि पुन्हा टांग टाकायची. युरोपात हा खेळ ऐन थंडीत चालतो. तेवीस वर्षांखालच्या मुलांची जागतिक शर्यत १९९६ पासून वेगळी होते, ५० मिनिटांची.

बेळगावच्या शहापुरात माझं सायकलचं दुकान आहे. मुलांना सायकलिंग शिकवणारे एक सर नेहमी येतात. त्यांनी मला मोबाईलवर २०२३ ची नेदरलँड्समधल्या होगरहाइडची शर्यत दाखवली. बेल्जियमचा थिबो नाइस जिंकला ती. त्याचे वडील स्वेन नाइस २००५ आणि २०१३ चे जगज्जेते. सर रायडर दाखवत होते, माझं लक्ष मात्र पिटवर, म्हणजे सायकल बदलायच्या जागेवर होतं. एक सायकल मार्गावर असते तेव्हा दुसरी पिटमध्ये धुतली जाते. चेनला तेल, गिअर बघून झाले की पोरगा येईपर्यंत ती हातात तयार. मार्ग असा आखतात की एका फेरीत दोनदा पिट लागावं. सायकल बदलायची ती फक्त तिथंच. मधे कुठं मोडली तर खांद्यावर घेऊन पिटपर्यंत पळायचं.

सरांनी तशीच शर्यत येळ्ळूरच्या शिवारात घ्यायची ठरवली, ऑगस्टमध्ये. शिवारात भात उभं, म्हणून राजहंसगडाच्या बाजूचा माळ आणि खाली एका शेतकऱ्यानं दिलेला पडीक पट्टा, एवढंच हाती होतं. वरती लाल मुरूम, खाली काळी माती. आमच्या भागात दोन्ही माती अशा शेजारी शेजारी भेटतात. लाल माती पाण्यानं निघून जाते. काळी चिकटते, तिच्यावर गवत बसतं, त्या गवतावर पुन्हा माती. दोन वळणांत टायर आणि चिमटा, म्हणजे चाक धरणारा फोर्क, यांच्यातली फट बुजते आणि चाक फिरायचं थांबतं.

आमच्या पोरांकडं प्रत्येकी एकच सायकल, तीही जाड टायरची साधी. सरांनी तोडगा काढला. लहान गटाची शर्यत आधी उरकायची आणि ज्यांची उंची जुळते त्यांच्या सायकली मोठ्या गटाला दुसरी सायकल म्हणून द्यायच्या. वडगावच्या एका विणकराच्या पोराला अशी येळ्ळूरच्या सातवीतल्या मुलाची सायकल मिळाली. मुलाच्या आईनं आधी मला विचारून घेतलं, “मोडंल का हो?” मी म्हटलं, “वहिनी, मोडली तर मी करून देतो.” सीट वर काढून मी खूण करून ठेवली. टायरमधली हवा उतरवून अठ्ठावीस पॉइंटवर (पीएसआय) आणली. ट्यूब असल्यानं त्याखाली जायची सोय नव्हती, दगडावर टायर आपटला की रिमखाली ट्यूब चावली जाते.

धुण्यासाठी विहिरीवरच्या मोटरचा पाइप घेतला होता. जोरात पाणी मारताना हबवर आणि पायडलच्या एक्सेलवर धार धरायची नाही, छऱ्यांतलं ग्रीस वाहून जातं, हे मी पोरांना सांगून ठेवलं होतं. पहिल्या फेऱ्या ठीक गेल्या. मग लाईट गेली.

त्याच फेरीत तो वडगावचा पोरगा खालच्या पट्ट्यातून सायकल खांद्यावर घेऊन पळत आला. चिखलानं सायकलचं वजन इतकं वाढलेलं की त्याचा एक खांदा पार खाली गेला होता. “मामा, चाकच फिरंना झालंय!” येळ्ळूरच्या मुलानं आपली सायकल पुढं धरली आणि तो गेला. आता ही जड सायकल मी आणि येळ्ळूरच्या मुलानं उलटी टाकली. बांबूच्या कामट्या मी सकाळीच तासून ठेवल्या होत्या. लोखंडानं रिमवर ओरखडे पडतात. मी ब्रेक शूंमागचा गोळा काढला, त्यानं फ्रीव्हीलच्या दात्यांतलं गवत एकेक काडी ओढून काढलं. शेतकऱ्याच्या घरची माणसं बादल्या भरून आणत होती, शेवटी बारीक धार सोडायला फवारणीचा पंपही आला. चेन पुसून तेल घातलं, पायडल हातानं फिरवून गिअर वर-खाली करून बघितले. पोरगं म्हणालं, “मामा, आला बघा,” तेव्हा सायकल उभी होती.

उरलेली सगळी शर्यत असंच चाललं. पुढं असलेल्या मुलाची सायकल भारी होती, डिस्क ब्रेकवाली. रिमला ब्रेकच नसल्यानं तिच्यात माती अडकायला जागा कमी. पण त्याच्याकडं बदलायला दुसरी नव्हती आणि शेवटच्या फेरीत गवतानं त्याचा गिअर पिळवटून स्पोकमध्ये गेला. आमचा पोरगा जिंकला. मला त्या हरलेल्या मुलाचंही फार वाईट वाटलं. पायांत तो सगळ्यांच्या वरचढ होता, त्याच्यामागं पिटमध्ये उभं राहायला कुणी नव्हतं एवढंच. आमच्याकडं चांगल्या पोरांसाठी टी-शर्ट, कप सगळं गोळा होतं. चांगला हात असलेला माणूस त्यांच्यामागं उभा करायचं कुणाच्या मनात येत नाही.

बक्षीस घ्यायला वडगावच्या पोरानं येळ्ळूरच्या मुलाला बरोबर नेलं. ते त्यानं आपणहून केलं, कुणी सांगितलं नव्हतं.

नंतर त्याचे वडील मागावरून सुटून दुकानात आले. दुसरी सायकल किती रुपयांत उभी राहील, असं विचारत होते. नवी घेऊ नका म्हटलं. मापाची फ्रेम माझ्याकडं पडून आहे, डिस्क बसेल असा चिमटा मिळाला की बांधून देतो, पैसे सवडीनं. येळ्ळूरचा मुलगा आता संध्याकाळी दुकानात येतो, चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायला शिकतोय. हात चांगला आहे, स्पोक आवळताना घाई करत नाही. पुढच्या पावसाळ्यासाठी सरांकडं मी एकच मागणी केलीय. फेरी अशी वळवा की पिट दोनदा लागेल, आणि पाण्यासाठी डिझेलचा पंप बघा.