देणगीदार चालेल, पण गाव काय म्हणतंय?

पर्यावरणाचं काम करणाऱ्या एका संस्थेत निधी उभारणं ही माझी नोकरी. लोकांना वाटतं मी जंगलात फिरतो. प्रत्यक्षात सीएसआरवाल्यांना, म्हणजे कंपन्यांचा समाजकामाचा निधी सांभाळणाऱ्यांना मेल, एक्सेलचे तक्ते, आणि मार्च आला की युटिलायझेशन सर्टिफिकेटसाठी (पैसे ठरल्या कामावरच खर्चले याचा दाखला) सीएंच्या मागे धावणं. त्यामुळे पुण्याच्या ऑफिसात प्रशिक्षणाला आलेले पाहुणे म्हणाले, "आज पीपीटी नाही, एक माहितीपट बघू," तेव्हा सगळे खूश होते. अख्खा दाखवण्यासारखा नाही म्हणून त्यांनी निवडक तुकडेच आणले होते. तरी आमच्या हिशेबाच्या ताई दहाव्या मिनिटाला "व्हाउचर राहिलीत" म्हणून उठल्या.

२०१२ मधला हा माहितीपट पोलंडच्या मिहाऊ मार्चाकचा. विषय, २००४ साली नॉर्वेत सुरू झालेला एक गट. त्याच्या नावात आधी इंग्रजी शिवी आणि पुढे 'फॉर फॉरेस्ट'. सभासद स्वतःचे नग्न आणि संभोगाचे फोटो-व्हिडिओ वेबसाइटवर टाकतात, बघणारे पैसे भरतात, आणि ते पैसे वर्षावनांसाठी. त्याच वर्षी क्रिस्टियानसांडच्या क्वार्ट संगीत महोत्सवात हा गट सुरू करणारं जोडपं एका बँडच्या कार्यक्रमात स्टेजवर चढलं आणि हजारोंसमोर जे करायचं ते केलं. दंड झाला. पुढे त्यांनी मुक्काम बर्लिनला हलवला. रंगीत चिंध्या पांघरलेली ही मंडळी रस्त्यात अनोळखी माणसाला थांबवून जंगलासाठी कपडे काढायची गळ घालतात. चेहरे मात्र शाळकरी पोरांसारखे निरागस. ढोंगी वाटत नाहीत, हीच पंचाईत.

नॉर्वेच्या रेनफॉरेस्ट फाउंडेशनने हे पैसे घ्यायला नकार दिला, वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफनेही. आमच्याकडे वाद पेटला तो इथेच. आपण घेतले असते का?

"परदेशी देणगी म्हणजे एफसीआरए, परदेशी पैशाचा कायदा," ताई व्हाउचर संपवून (की कान देऊन?) परत आल्या होत्या. "पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत येणार. वार्षिक रिटर्नमध्ये देणगीदाराचं नाव तुम्ही लिहा, मी नाही लिहिणार."

एकच हशा पिकला. मग कोणीतरी म्हणालं की कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्च करायचा कायदा २०१३ मध्ये आला, तेव्हापासून आपण खाणवाल्यांचे, सिमेंटवाल्यांचे चेक घेतोच ना? त्यांच्यापेक्षा या पोरांनी जंगलाचं काय वाकडं केलंय? मलाही हे पटत होतं. अंग दाखवून मिळवलेला पैसा अपवित्र आणि डोंगर फोडून मिळवलेला पवित्र, हे गणित मला कधीच सुटलेलं नाही.

पण शेवटच्या तुकड्याने चर्चेचा रोखच बदलला. संस्था घेत नाहीत तर आम्हीच थेट देतो म्हणून हा गट अमेझॉनमध्ये जातो. गावकऱ्यांची सभा भरते. आम्ही पैसे आणलेत, तुमच्यासाठी जमीन घेऊ, असं हे सांगतात. समोरची माणसं ऐकून घेतात आणि हळूहळू संशय बोलून दाखवतात. बाहेरचे लोक आजवर इथे कशासाठी आले, ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. प्रस्ताव तिथेच कोलमडतो. त्या पोरांना कळतच नाही की आपलं चुकलं कुठे.

आमचे फील्डवरचे दादा तोवर गप्प होते. गडचिरोलीत बरीच वर्षं काढलेला माणूस. म्हणाले, "कपड्यांचं सोडा हो. ही मंडळी जमीन घ्यायचं आधी ठरवून आली आणि मग सभा घेतली. मेंढा-लेखात असं कोणी आलं असतं तर काय झालं असतं?" २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवणारं हे गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही तिथली घोषणा. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. "तिथं एक जण जरी नाही म्हणाला तरी निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलतात. तुमचा मार्च एंड त्यांना काय सांगता?"

मार्च एंड म्हणताना त्यांनी बघितलं माझ्याकडेच.

कारण दुपारी आमच्यापुढे एक प्रस्ताव होताच. एका कंपनीला दुष्काळी पट्ट्यातल्या गावच्या गायरानावर झाडं लावायची होती. पैसे चोख, फोटोची तारीखसुद्धा ठरलेली. कंपनीच्या मसुद्यात करार आधी, ग्रामसभेचा ठराव नंतर. दादांनी पेनाने बाण काढून ठराव वर नेला. शिवाय ते माळरान. तिथलं गवत ही धनगरांच्या मेंढरांची चराई आणि लांडग्यांचं घर. खड्डे खणून तिथे जंगल उभं करणं म्हणजे जे आहे ते घालवणं. हेही त्यांनी समासात बारीक अक्षरात लिहिलं. सरांनी सही केली, मसुदा परत गेला.

तासाभरात कंपनीच्या माणसाचा फोन. आवाजात साखर, पण वैतागलेला.

"ग्रामसभा कधी आहे तुमची?"

"आमची नाही, गावाची," मी म्हटलं. "ज्वारी काढून झाली की बसतील."

"म्हणजे एप्रिल?"

"धरून चाला."

"मग हे बजेट लॅप्स होईल."

दादा समोरच बसले होते. मी फोनवर हात ठेवून त्यांना विचारलं. ते म्हणाले, "होऊ दे."

मी तेच जरा सभ्य भाषेत कळवलं.