आमची वाटचाल : काचेखालचा माल

दुकानात येणारा नवा मराठी माणूस काचेखालची बेसबॉल खेळाडूंची कार्डं पाहतो, किमतीच्या चिठ्ठ्या पाहतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "यात खरंच पैसे आहेत का हो?" आहेत. आमचं घर त्यावर चालतं. पण तो विचारतो ते पैसे वेगळे आणि आम्ही कमावतो ते वेगळे. हा फरक कळायला मला तेरा वर्षं लागली, आणि घरावर कर्ज काढावं लागलं.

माझे वडील, आबा, लासलगावला कांद्याचे अडते. मी नाशिकला इंजिनिअरिंग केलं, २००१ मध्ये न्यू जर्सीला आलो, आठ वर्षं एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात काढली आणि २००९ च्या मंदीत एका शुक्रवारी टेबलावरचं सामान खोक्यात भरून घरी आलो. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा, मुलांच्या बेसबॉलच्या लिटल लीगमध्ये खेळायचा. त्याच्याकडे बेसबॉलच्या कार्डांनी भरलेले बुटांचे तीन खोके होते आणि माझ्याकडे वेळ होता. इकडे शनिवार-रविवारी हॉटेलांच्या हॉलमध्ये कार्ड शो भरतात. टेबल भाड्याने घ्यायचं, माल मांडायचा, घासाघीस करायची. आठवडी बाजारच तो, गोणपाटाऐवजी मखमल एवढंच.

प्रॉस्पेक्ट कार्ड म्हणजे काय ते आधी सांगतो. प्रॉस्पेक्ट म्हणजे होतकरू खेळाडू, मेजर लीगमध्ये, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या बेसबॉलमध्ये, अजून न पोचलेला. समजा रणजीसुद्धा न खेळलेल्या सोळा वर्षांच्या पोराच्या सहीचं कार्ड आज घेऊन ठेवलं, तो पुढे तेंडुलकर होईल म्हणून. टॉप्स या कार्ड कंपनीच्या बोमन ब्रँडचा सगळा डोलारा यावर उभा आहे. खेळाडूच्या पहिल्या बोमन कार्डावर 'फर्स्ट'चा शिक्का असतो आणि बाजार त्या शिक्क्यालाच मानतो. एकाच कार्डाचे रंगही पुष्कळ : निळी छापतात १५०, सोनेरी ५०, नारिंगी २५, लाल ५, आणि सुपरफ्रॅक्टर जगात फक्त एक. सहीचं साधं कार्ड किती छापलं, ते कार्डावर लिहिलेलं नसतं.

२०१० च्या मे महिन्यात बोमनमध्ये स्टीफन स्ट्रासबर्ग आला. वॉशिंग्टनचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवी मुलं निवडतात त्यात, पहिला निवडलेला. त्याचं सुपरफ्रॅक्टर ईबेवर १६,४०३ डॉलरला गेलं, तेही तो मेजर लीगमध्ये एक चेंडू टाकण्याआधी. मुलाने फोडलेल्या एका पाकिटात त्याच्या सहीचं कार्ड निघालं. ८ जूनला पहिल्याच सामन्यात त्याने चौदा फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे चेंडू धड मारू न देताच बाद केलं, आणि त्याच रात्री मी ते विकलं. हुशारीने नाही. घराचा हप्ता थकला होता आणि बायकोने विचारलं, "विकणार आहेस की पुजणार आहेस?" सप्टेंबरात त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया (फाटलेला लिगामेंट बदलण्याची) झाली, भाव कोसळला आणि शोमध्ये मी शहाणा ठरलो. पुढे २०१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम लढतीत, तो सर्वोत्तम खेळाडू झाला. ते पाहायला नऊ वर्षं थांबलेला एकही माणूस मला भेटलेला नाही.

त्या नफ्याच्या जोरावर २०१२ मध्ये एडिसनजवळ गाळा घेतला. एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला पिझ्झा. नियम ठरवला : खेळाडू मेजर लीगमध्ये वर आला की कार्ड विकायचं.

या नियमाने आम्हाला ॲरन जजच्या वेळी खड्ड्यात घातलं. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये तो बत्तिसावा होता. त्याची सहीची कार्डं आम्ही स्वस्तात बरीच जमवली होती. ऑगस्ट २०१६ मध्ये तो न्यूयॉर्कच्या यँकीज संघाकडून उतरला, पहिल्याच वेळी होमरन (आपला षटकार समजा) मारला आणि त्या हंगामात फलंदाजीच्या चौऱ्याऐंशी पाळ्यांत बेचाळीस वेळा स्ट्राइकआउट झाला. सरासरी .१७९, अगदीच वाईट. 'एवढा उंच माणूस, खालच्या चेंडूला पोचणारच नाही,' असं शोमधला प्रत्येक जण म्हणत होता, म्हणून मीही म्हणू लागलो आणि थंडीत सगळी कार्डं खरेदीच्या भावाने काढून टाकली. २०१७ मध्ये त्याने बावन्न होमरन मारले. ज्याने आमच्याकडून अकरा कार्डं नेली होती तो गिऱ्हाईक जुलैत डोनटचा डबा घेऊन आभार मानायला आला. चांगला माणूस. डोनट मला गेले नाहीत.

मग नियम फिरवला : आता धरून ठेवायचं. त्याला पुरावाही होता, आणि तोही आमच्याच राज्यातला. माइक ट्राउट दक्षिण जर्सीतल्या मिलव्हिलचा. २००९ च्या ड्राफ्टमध्ये तो पंचविसावा निवडला गेला, म्हणजे त्याच्याआधी चोवीस नावं पुकारली गेली होती. त्याच्या सहीचं त्या वर्षीचं सुपरफ्रॅक्टर २०१८ मध्ये ४ लाख डॉलरला विकलं गेलं आणि ऑगस्ट २०२० मध्ये ३९ लाखांवर गेलं. ही बातमी आली तेव्हा कोविडचा काळ होता, लोकांच्या हातात सरकारी चेक होते आणि दुकान बंद ठेवूनही आमचे फोन वाजत होते. ट्राउटच्या आधीची चोवीस नावं मात्र कोणी विचारत नव्हतं. मीही विचारली नाहीत.

त्या वर्षीच्या बोमनचा राजा होता हासन डोमिंगेझ. डोमिनिकन रिपब्लिकचा मुलगा. यँकीजनी २०१९ मध्ये, तो सोळा वर्षांचा असताना, ५१ लाख डॉलर देऊन त्याला करारबद्ध केलं. टोपणनाव 'द मार्शियन', मंगळावरचा. मेजरच्या खालच्या मायनर लीगचा २०२० चा अख्खा हंगाम कोविडमुळे रद्द झाला, त्यामुळे त्याने एकही अधिकृत सामना खेळलेला नव्हता. आता वाटतं, भाव म्हणूनच चढत राहिला. न खेळणारा माणूस बाद होत नाही.

घरावर कर्ज काढून मी चौतीस हजार डॉलरची त्र्याहत्तर कार्डं घेतली. आबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "सडत नाही ना?"

"नाही आबा, प्लास्टिकमध्ये बंद असतं."

"मग ठीक," ते म्हणाले. उन्हाळ कांदा चाळीत भरला की दिवाळीपर्यंत त्यातला किती हाती लागेल, याचा हिशेब करण्यात त्यांचा जन्म गेला. न सडणारा माल म्हटल्यावर पुढे काय विचारायचं, ते त्यांनाही सुचलं नसावं.

साठ कार्डं ग्रेडिंगला पाठवली, म्हणजे कार्ड किती निर्दोष आहे ते तपासून गुण देणाऱ्या कंपनीकडे. दहापैकी दहा गुण मिळाले तर किंमत चढते, नऊ मिळाले तर पुष्कळदा ग्रेडिंगची फीही निघत नाही. कार्डांचे डोंगर साठल्यामुळे २०२१ च्या मार्चअखेरीस त्या कंपनीने बहुतेक नवं काम घेणंच थांबवलं. आमची कार्डं अकरा महिने अडकली. भाव शिखरावर होता तेव्हा माल माझ्या हातातच नव्हता. परत आला तोवर डोमिंगेझ खेळू लागला होता आणि माणसासारखा खेळत होता.

२०२१ च्याच उन्हाळ्यात दुसरी गंमत झाली. कुमार रॉकर हा पिचर. त्याची आई भारतीय वंशाची, त्यामुळे इथल्या भारतीय बाजारात, ओक ट्री रोडवर, ज्यांना बेसबॉलचे नियमही ठाऊक नव्हते तेसुद्धा 'आपला कुमार' म्हणून कार्डं मागायला आले. न्यूयॉर्कच्याच मेट्स संघाने त्याला ड्राफ्टमध्ये दहावा निवडला. मग त्यांच्या डॉक्टरांनी तपासण्या पाहिल्या आणि करारच केला नाही. पुढच्या वर्षी टेक्सासने त्याला तिसरा निवडला, २०२३ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली, सप्टेंबर २०२४ मध्ये तो मेजर लीगमध्ये उतरला. यातलं कुठलंही वळण आम्हाला दुकानात बसून दिसण्यासारखं नव्हतं. संघाकडे एमआरआय असतो, आमच्याकडे फोटो असतो. ज्याला आतलं ठाऊक आहे त्याच्याशी आपण सौदा करत नसलो, तरी आपल्या मालाचा भाव तोच ठरवतो.

२०२३ च्या उन्हाळ्यात डोमिंगेझ आमच्यापासून अर्ध्या तासावर, ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रियट्स या यँकीजच्या मायनर लीग संघाकडून खेळत होता. मी आठवड्यातून दोनदा जाऊन बसायचो. एका संध्याकाळी दुसऱ्या बेसवर तो आडवा घसरला आणि मनगट धरून क्षणभर तसाच पडून राहिला. माझ्या पोटात गोळा आला. पोराला लागलं का, हे नंतर सुचलं. आधी कार्डं आठवली. तो वीस वर्षांचा होता, माझ्या मुलापेक्षा लहान. त्या दिवशी सातव्या इनिंगला उठून घरी आलो.

१ सप्टेंबरला तो ह्यूस्टनमध्ये यँकीजकडून उतरला आणि पहिल्याच वेळी जस्टिन व्हर्लँडर या मुरलेल्या पिचरला होमरन मारला. फोन पुन्हा वाजू लागले. मूळ रक्कम जवळपास सुटत होती. मुलगा म्हणाला, "बाबा, काढून टाका." मी म्हणालो, जज आठवतोय ना? आठ सामन्यांत चार होमरन. १० तारखेला बातमी आली, कोपराचा लिगामेंट फाटलाय. पुन्हा टॉमी जॉन.

आधी विकण्याचा धडा स्ट्रासबर्गने शिकवला, धरून ठेवण्याचा जजने, आणि दोन्ही वेळा मी गेल्या खेळाडूचा धडा पुढच्यावर लावला. दरवर्षी ड्राफ्टच्या वीस फेऱ्यांत सहाशेच्या आसपास मुलं येतात, परदेशातून सोळा-सतरा वर्षांची येतात ती वेगळी. मेजर लीगच्या तीस संघांत सव्वीस-सव्वीस धरून जागा ७८०, त्याही आधीच भरलेल्या. शिवाय तोवर पुढचं बोमन येतं आणि गिऱ्हाइकाचे तेच डॉलर नव्या नावाकडे जातात. खेळाडू अपयशी न ठरताही कार्ड जुनं होतं. वाँडर फ्रँकोसारखा तर वर पोचला, १८ कोटी २० लाख डॉलरचा करार झाला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये मायदेशी चौकशी सुरू झाल्यावर मैदानाबाहेर गेला. त्याची कार्डं घेऊन लोक दुकानात यायचे आणि मी भाव सांगण्याआधीच परत खिशात टाकायचे.

कर्ज फेडायला दोन वर्षं लागली. हिच्या शाळेतल्या नोकरीमुळे फिटलं, दुकानामुळे नाही, हे इथे लिहायलाच हवं.

आता आम्ही काय करतो? पाकिटं, बॉक्स आणि कार्डं जपायची पेनी स्लीव्ह, टॉपलोडर, बाइंडर विकतो. शुक्रवारी संध्याकाळी मुलं टेबलावर बसून कार्डांची अदलाबदल करतात, तेव्हा पिझ्झावाल्याचाही धंदा होतो. आणि लोकांची कार्डं आमच्याकडे विकायला ठेवून घेतो. कार्ड त्यांचं, भाव बाजाराचा, आमचं दहा टक्के कमिशन. आबांना समजावून सांगत होतो. ते म्हणाले, "म्हणजे अडतच की. त्याला अमेरिकेत कशाला जायला पाहिजे होतं?"

मुलगा आता हिशेब बघतो. गुंतवणूक म्हणून कोणी चार-पाच हजारांचा माल मागितला की तो कागद पुढे ओढून लिहायला लागतो : ऑनलाइन विकताना तेरा टक्क्यांच्या आसपास कट, ग्रेडिंगची फी, टपाल आणि विमा, वर्षाहून जास्त ठेवून नफा झालाच तर संग्राह्य वस्तूंवर २८ टक्क्यांपर्यंत फेडरल कर. सही यायची बाकी असलेलं रिडेम्प्शन कार्ड निघालं तर किती महिने थांबायचं, तेही. निम्मे लोक कागद घेऊन जातात. उरलेले तरीही घेतात. त्यांना आम्ही अडवत नाही, दुकान आहे. मुलीच्या कॉलेजसाठी म्हणून कोणी मागितलं तर मात्र नाही म्हणतो. असं आजवर तीनदा झालं आणि त्यातला एक जण चिडून गेला.

डोमिंगेझची एकोणीस कार्डं अजून खाली काउंटरच्या खणात आहेत. कोणी मागितलं तर त्या दिवसाच्या भावाने देतो. नव्या बोमनच्या सहा केस (बॉक्सांची मोठी खोकी) मागवल्या आहेत. सहाही दुकानातच फुटतील. घरी एकही न्यायची नाही, हे हिने केसवर मार्करने लिहून ठेवायला सांगितलं आहे.