सर्दीची गोळी आणि पेंग

सर्दीची ती जुनी क्लोरफेनिरामिनवाली गोळी घेतली की ऑफिसात दुपारी नुसती पेंग येते, आणि फेक्सोफेनाडिन घेतली तर सहसा काहीच नाही, असं का? काम तर दोन्हींचं एकच, शिंका आणि नाक गळणं घडवणाऱ्या हिस्टामिन ह्या शरीरातल्या रसायनाला अडवणं. खरी गंमत मेंदूच्या दारात आहे. तिथल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की फटीतून औषध जवळजवळ जातच नाही, जायचं तर पेशीच्या आरपार, आणि त्यासाठी चरबीत विरघळता यायला हवं. क्लोरफेनिरामिनला ते जमतं, मग ते आत जाऊन मेंदूतलं, आपल्याला जागं ठेवणारं हिस्टामिनच अडवतं. फेक्सोफेनाडिन मुळात कमी शिरतं आणि शिरलंच तर पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप त्याला उचलून परत रक्तात टाकतो, सोसायटीच्या वॉचमनसारखा, फक्त हा डुलक्या काढत नाही 😄

असा बंदोबस्त कधी हवं असलेल्या औषधालाही आडवा येतो. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, मेथोट्रेक्सेट हे औषध कमरेतून थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात (सीएसएफ) सोडतात, कारण नेहमीच्या डोसमध्ये शिरेतून दिलेलं तिथवर फारसं पोचत नाही.